जोत्यातला पाइप कशाचा?

जुन्या घराची डागडुजी काढली की भिंतीमागून आणि फरशीखालून विसरलेल्या वस्तू बाहेर येऊ लागतात. त्यांतील सर्वांत बुचकळ्यात टाकणारी वस्तू म्हणजे जोत्यातून किंवा पायालगतच्या जमिनीतून वर आलेला, कशालाच न जोडलेला पाइपचा तुकडा. घर ज्यांनी बांधले ते हयात नसतात, मिस्त्री कोण होता ते कोणाला आठवत नाही आणि नगरपालिकेने मंजूर केलेल्या नकाशात खोल्या, दारे, खिडक्या असल्या तरी पाइप नसतात. मग दोन उपाय तत्काळ सुचतात. कोणी म्हणतो, कापून टाका. कोणी म्हणतो, बादलीभर पाणी ओतून पाहा, कुठे जाते ते कळेल. यवतमाळ जिल्ह्यासारख्या काळ्या मातीच्या मुलखात हे दोन्ही उपाय घराला आणि कधी घरातील माणसांनाही महागात पडू शकतात.

नळ राहावा आणि त्याचे प्रयोजन विसरले जावे, हा प्रकार नवा नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावातून पुण्यात बांधीव भुयारी नळाने पाणी आणले गेले. त्या नळावर ठरावीक अंतराने 'उच्छ्वास' बांधले होते. कोंडलेली हवा बाहेर पडावी, गाळ खाली बसावा आणि आत उतरून सफाई करता यावी, हा त्यांचा उद्देश. पुढे शहर वाढले, नवी जलवाहिनी आली आणि वस्तीत अडकून पडलेले ते चिरेबंदी मनोरे पाहणाऱ्यांना कोडे वाटू लागले. घराच्या जोत्यातला दोन इंची पाइप ही त्याच गोष्टीची घरगुती आवृत्ती होय.

यवतमाळात या कोड्याला मातीची एक वेगळी बाजू आहे. जिल्ह्याचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला असून वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत खोल काळी माती आहे. कपाशीला मानवणारी ही माती इमारतीला मात्र मानवत नाही. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज पाणी पिऊन फुगते आणि पाणी गेले की आक्रसते. जून ते सप्टेंबर या पावसाळ्यात जमीन वर येते. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास गेला की तीच जमीन हात आत जाईल इतक्या रुंद भेगांनी फाटते. हा खेळ काही मीटर खोलीपर्यंत चालतो. त्यामुळे पाया या थराच्या खाली न्यावा लागतो, किंवा काळी माती काढून त्या जागी मुरूम दाबून भरावा लागतो. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देऊन खालच्या मातीचे फुगणे आटोक्यात ठेवण्याची पद्धत मांडली. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी कंदासारखा फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या खांबांचा, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल्सचा, पाया देशात रूढ केला. यवतमाळ शहराच्या आसपास उंचवट्यावर मुरूम वर लागतो, तेथे हा त्रास कमी. पूर्वेला वणीकडे तर चुनखडी आणि कोळशाचे थर आहेत. म्हणजे एका गावात जो पाइप निरुपद्रवी, तोच दुसऱ्या गावात पायाखाली पाणी नेणारी वाट ठरतो.

म्हणूनच बादली ओतण्याची चाचणी सर्वांत शेवटी ठेवावी. पाइप खाली कुठे तरी तुटलेला असेल, तर ओतलेले पाणी थेट पायाच्या एका कोपऱ्याखाली जिरते. संपूर्ण जमीन सारखी फुगली तर घर एकसंध वर-खाली होते आणि फारसे बिघडत नाही. एकच कोपरा फुगला की खिडकीच्या कोनातून तिरपी चीर निघते. पाण्याने उत्तर मिळण्याआधी ते पाहून, मोजून आणि वाजवून बहुतेक वेळा मिळते.

पहिला प्रश्न पाइप कशाचा आहे हा. लोहचुंबक चिकटला तर लोखंड. त्यात पातळ, राखाडी, जस्ताचा मुलामा दिलेला पाइप म्हणजे जी. आय., आणि जाड, खरबरीत, ठोकल्यावर घंटेसारखा वाजणारा म्हणजे बिडाचा. भाजलेल्या मातीचा, तपकिरी चकचकीत लेपाचा नळ असेल तर तो जवळपास नेहमी सांडपाण्याचा. सिमेंटसारखा दिसणारा राखाडी, हलका आणि ठिसूळ पाइप अॅस्बेस्टॉस सिमेंटचा असण्याची शक्यता फार. पावसाचे पाणी उतरवायला आणि सेप्टिक टँकची हवा सोडायला तो सर्रास वापरला जाई. त्याला कटर लावू नये, कारण कोरड्या कापणीत उडणारे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात. पीव्हीसी असेल तर पाइप तुलनेने अलीकडचा आणि त्यावर छापलेली अक्षरेही पुष्कळदा वाचता येतात. त्यानंतर व्यास मोजावा, पाइप उभा आहे की आडवा ते पाहावे, आणि तो घराच्या कोणत्या अंगाला आहे ते पाहावे. मोरीलगतच्या पाइपचे आणि वीज मीटरखालच्या पाइपचे कुळ वेगळे.

मीटरच्या किंवा मुख्य स्विचच्या जवळपास, भिंतीपासून थोडा दूर, दीड-दोन इंचांचा जी. आय. पाइप जमिनीत सरळ उभा गेलेला असेल, भोवती विटांचा छोटा चौकोनी हौद आणि त्यावर बिडाचे झाकण असेल, तर तो अर्थिंगचा पाइप आहे असे धरूनच चालावे. हौद मोडलेला, झाकण चोरीला गेलेले आणि वर केवळ पाइपचे तोंड उरलेले, हीच त्याची नेहमीची अवस्था असते. जुन्या पद्धतीत सुमारे अडीच मीटर लांबीच्या पाइपला भोके पाडून तो खड्ड्यात उभा करीत आणि भोवती मीठ व कोळसा यांचे आलटून पालटून थर भरीत. वर नरसाळे बसवीत. त्यातून उन्हाळ्यात पाणी घालायचे असे. घरातील फ्रिज, गीझर, पंप यांच्या धातूच्या अंगापासून निघालेली तार या पाइपला जोडलेली असते. यंत्रात बिघाड होऊन वीज त्या अंगावर उतरली, तर तिला जमिनीत जायला ही वाट असते, आणि त्यामुळेच फ्यूज उडतो किंवा ब्रेकर पडतो. पाइप कापला की वाट बंद होते. घरात दिवे लागतात, पंखे फिरतात, काहीच बदललेले दिसत नाही. बदल कळतो तो ओल्या हाताने गीझरला स्पर्श झाल्यावर.

काळ्या मातीत अर्थिंगची स्वतःची अडचण असते. ओली काळी माती वीज उत्तम वाहून नेते. मात्र मे महिन्यात ती आक्रसून पाइपपासून सुटते आणि पाइपभोवती हवेची पोकळी उरते. पावसाळ्यात चोख असलेली अर्थिंग ऐन उन्हाळ्यात, म्हणजे कूलर आणि पंप दिवसरात्र चालू असताना, कमकुवत होते. लोखंडी कूलरचा झटका बसण्याच्या तक्रारी याच दिवसांत वाढाव्यात यात नवल नाही. नरसाळ्यातून पाणी घालण्याची जुनी रीत म्हणूनच शहाणपणाची होती. मात्र मिठाने पाइप गंजतो. त्यामुळे हल्ली मीठ-कोळशाऐवजी बेंटोनाइट भरतात. हे बेंटोनाइट म्हणजे मुख्यतः तेच मॉन्टमोरिलोनाइट. ज्या खनिजामुळे घराचा पाया हलतो, तेच ओल धरून ठेवते म्हणून पोत्याने विकत आणून पायाशेजारी पुरले जाते!

असा पाइप सापडल्यास त्याला उघड्या हाताने हात लावू नये. घराच्या वायरिंगमध्ये दोष असेल तर त्यावरही वीज असू शकते. वायरमनला बोलावून तार जोडलेली आहे का, आणि जमिनीचा रोध किती आहे, हे मोजून घ्यावे. पाइप गंजून कामातून गेला असेल तरी आधी नवी अर्थिंग करावी आणि मगच जुना पाइप काढावा. या निमित्ताने 30 मिलिअॅम्पिअर गळतीवर पुरवठा तोडणारे उपकरण घरात बसवलेले नसेल तर ते बसवून घेणे शहाणपणाचे. मात्र ते अर्थिंगला पर्याय नव्हे.

जोत्याच्या भिंतीतून आडवे जाणारे पाइप हा निराळा वर्ग. त्यांतले बरेचसे चक्क रिकामे असतात आणि रिकामे असणे हेच त्यांचे काम. जोत्याचे काँक्रीट ओतण्यापूर्वी त्यात मोठ्या व्यासाच्या पाइपचा तुकडा बसवून ठेवतात. पुढे पाण्याचा किंवा सांडपाण्याचा पाइप, नाहीतर केबल, त्यातून नेता येते आणि तुळई फोडावी लागत नाही. बांधकामाच्या भाषेत याला स्लीव्ह म्हणतात. काळ्या मातीत स्लीव्हचे आणखी एक काम आहे. घर आणि जमीन वेगवेगळ्या हलतात. पाइप भिंतीत घट्ट चिणलेला असेल तर सांध्याशी तुटतो. मोठ्या पाइपातून सैल गेलेला असेल तर तगतो. तेव्हा पाइपात पाइप दिसला आणि मधली फट मिस्त्रीच्या डोळ्यांना खुपली, तरी तेथे सिमेंट ठासू नये. लवचिक, पाणी न धरणारा मसाला भरावा. न वापरलेली स्लीव्ह दोन्ही तोंडांनी बंद करावी, कारण उंदीर, विंचू आणि त्यामागून साप यांना ती आयती वाट असते, शिवाय अंगणातील पावसाचे पाणी तीच वाट धरून फरशीखाली जाते.

उतारावरच्या घरात मात्र उलट सांगावे लागते. जोत्याच्या किंवा आवारभिंतीच्या खालच्या अंगाला, बाहेरच्या बाजूस किंचित उतरते, सारख्या अंतरावर बसवलेले तीन-चार इंची तुकडे दिसले तर ती भिंतीमागचे पाणी सोडण्याची छिद्रे होत. ती बुजवली की मागे साचलेले पाणी आणि फुगलेली माती मिळून भिंत बाहेर लोटतात. रंगकाम करताना ती 'व्यवस्थित' लिंपून टाकण्याचा उत्साह अनेकदा दिसतो. पुढच्या पावसाळ्यात भिंतीला पोट येते ते त्यामुळे.

नव्या घरांत भिंतीलगत ठरावीक अंतरावर बोटाएवढी टोपणे लावलेली तोंडे आढळतात. ती वाळवीनाशक औषध सोडण्याच्या, फरशीखाली पसरलेल्या सच्छिद्र नळीची असतात. जुन्या घरांत अशी नळी नसे. बांधकामाच्या वेळी मातीतच औषध मुरवीत, किंवा नंतर फरशी आणि भिंतीच्या सांध्यात भोके पाडून ते सोडीत. त्या काळी ऑल्ड्रिन, क्लोर्डेन, हेप्टाक्लोर ही द्रव्ये वापरली जात. ती मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात आणि भारतात त्यांवर बंदी आली आहे. पायालगतची माती उकरून परसबागेत टाकणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

मोरी किंवा संडासाच्या अंगाला असलेला, खाली सेप्टिक टँककडे जाणारा आणि वर मध्येच तोडलेला उभा पाइप बहुधा टाकीतील वायू उंचावर सोडण्यासाठी होता. छत वाढवताना किंवा माळा चढवताना तो कापला जातो आणि त्याचे तोंड खिडकीखाली उरते. पाइप खोल आहे म्हणून आत काडी पेटवून पाहण्याचा मोह येतो. हा वेडेपणा आहे. टाकीत मिथेन असतो आणि तो पेट घेतो. त्याच्या सोबतीला असणारा हायड्रोजन सल्फाइड तर काही श्वासांत माणसाला बेशुद्ध करतो. विहिरीत उतरण्यापूर्वी दिवा सोडून पाहण्याची परंपरा येथे उपयोगी नाही. टाकीत माणूस उतरवणे तर 2013 च्या कायद्याने गुन्हाही आहे. तोंड बुजवणे हाही उपाय नव्हे. पाइप जोडून पुन्हा छपराच्या वर न्यावा आणि तोंडाला डासांची जाळी बांधावी.

सर्वांत गंभीर शक्यता सहा-साडेसहा इंच व्यासाच्या पाइपची. जमिनीत सरळ उभा, जाड लोखंडाचा किंवा जाड पीव्हीसीचा, आणि खडा टाकला तर आवाज उशिरा येणारा किंवा येणारच नाही असा पाइप म्हणजे कूपनलिकेचे केसिंग. बोअर घेताना वरची माती आणि खालचा सुटा मुरूम ढासळू नये म्हणून केसिंग कठीण खडक लागेपर्यंतच घालतात. त्याखाली उघडे भोक शेकडो फूट गेलेले असू शकते. ते घराच्या पायात कसे आले, याचे उत्तर यवतमाळच्या पाण्याच्या इतिहासात आहे. शहराची भिस्त वर्षानुवर्षे निळोणा आणि चापडोह या दोन धरणांवर राहिली. पाऊस कमी झाला की धरणे आटतात. 2018 च्या उन्हाळ्यातील टंचाई शहराच्या चांगलीच स्मरणात आहे. अशा प्रत्येक टंचाईत अंगणात बोअर घेतले गेले. काहींना पाणी लागले नाही, काहींचे दोन-चार वर्षांत आटले. पंप काढून घेतला, तोंडावर फरशीचा तुकडा ठेवला आणि कुटुंब वाढले तेव्हा त्या अंगणावरच नवी खोली चढली.

उघडे बोअर काय करू शकते हे देशाने जुलै 2006 मध्ये पाहिले. हरियाणातील कुरुक्षेत्र जिल्ह्यात पाच वर्षांचा मुलगा अशा खड्ड्यात पडला आणि सुमारे पन्नास तासांनी लष्कराने शेजारच्या विहिरीतून बोगदा खणून त्याला बाहेर काढले. तो वाचला. त्यानंतरच्या अनेक दुर्घटनांतील मुले वाचली नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये याविषयी स्पष्ट निर्देश दिले. बोअरभोवती सिमेंटचा ओटा असावा, केसिंगवर पोलादी झाकण वेल्डिंगने किंवा नट-बोल्टने घट्ट बसवावे आणि सोडून दिलेले बोअर माती, वाळू, दगडगोटे यांनी तळापासून जमिनीच्या पातळीपर्यंत भरावे, असे त्यांत सांगितले आहे. वर लाकडी खुंटी ठोकणे किंवा पोते कोंबणे याला बुजवणे म्हणत नाहीत. काळ्या मातीत असे बोअर दुसरेही नुकसान करते. केसिंगच्या बाहेरून सुटलेल्या फटीतून पावसाचे पाणी आणि शेजारच्या शोषखड्ड्याचे सांडपाणी खाली उतरते, ते परिसरातील चालू बोअरपर्यंत पोहोचू शकते.

अशा पाइपात दोरीला वजन बांधून सोडावे. दोरी भिजून आली तर पाणी आहे, आणि मग घरात एकच आनंद होतो. तो थोडा आवरावा. केळापूर, झरी जामणी यांसारख्या तालुक्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड मर्यादेबाहेर आढळलेले आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते दर लिटरला एक मिलिग्रॅम असावे, आणि दुसरा स्रोतच नसल्यास दीड मिलिग्रॅमपर्यंत चालावे. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की लहान मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि मोठ्यांची हाडे व सांधे आखडतात. पाणी नितळ दिसते, चवीत काही कळत नाही आणि उकळून फ्लोराइड जात नाही. तेव्हा सापडलेल्या बोअरचे पाणी प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत फार तर झाडांना घालावे.

एक इंचाच्या आतबाहेरचा जी. आय. पाइप, टोकाला गंजलेले बूच, आणि रस्त्याच्या दिशेने जाणारा, असा असेल तर ती जुनी नळजोडणी असते. तोटी नाही म्हणजे पाणी नाही, हा समज चुकीचा. पालिकेच्या वाहिनीपासून ती तोडलेली नसेल तर आत दाब असतो. जमिनीखालच्या पाण्याचा दाब किती असतो याची कल्पना यवतमाळकरांना मार्च 2023 मध्ये आली. जलवाहिनी फुटून शहरातील रस्ता उसळला आणि पाण्याचा लोट वर उडाला, ती दृश्ये देशभर पाहिली गेली. घराच्या जोडणीतील गळती अशी गाजावाजा करीत नाही. घरातील सर्व तोट्या बंद असताना मीटर फिरत राहिले, किंवा भिंतीची चीर उन्हाळ्यातही मिटण्या-उघडण्याचा क्रम सोडून रुंदावतच गेली, तर या विसरलेल्या पाइपवर संशय घ्यावा. जोडणी घरापाशी नव्हे, मुख्य वाहिनीपाशी तोडून घ्यावी आणि त्यासाठी रीतसर अर्ज करावा.

हे कोडे प्रत्येक मुलखात तिथल्या मातीचे आणि सवयींचे उत्तर घेऊन येते. अमेरिकेत न्यू जर्सीत जुने घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाला भिंतीबाहेर दोन लोखंडी नळ्या दिसल्या, तर तिथला जाणकार पहिला प्रश्न विचारतो तो अंगणात पुरलेल्या तेलाच्या टाकीचा. एका नळीतून घर तापवण्याचे तेल भरीत, दुसरीतून टाकीतील हवा बाहेर पडे. टाकी गंजून तेल मातीत मुरले असेल तर सफाईचा खर्च मालकाच्या माथी येतो, म्हणून खरेदीपूर्वीच शोध घेतात. तळघराच्या फरशीतून थेट छपरावर गेलेला पीव्हीसी पाइप मात्र तेथे ठेवावाच लागतो. जमिनीतून झिरपणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू तो बाहेर सोडतो.

यवतमाळात पाइप ओळखण्याची उत्तम वेळ मे महिना. जमीन फाटलेली असल्याने पायालगतची माती सहज उकरते आणि पाइपचा पुढचा मार्ग हातभर तरी उघडा पडतो. एका वेळी दोन-तीन फुटांहून लांब चर पायालगत खणू नये आणि खणलेला चर पहिल्या पावसाआधी मुरूम दाबून बंद करावा. मोबाइलच्या प्रकाशात आत डोकावता येते, आणि तारेच्या टोकाला बसवलेला छोटा कॅमेराही आता नळकाम करणाऱ्यांकडे मिळतो. नवे घर बांधणाऱ्यांनी जोते भरण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत. शेजारी मोजपट्टी धरावी आणि त्यांच्या छापील प्रती घराच्या खरेदीखताबरोबर ठेवाव्यात. मोबाइल बदलतो, खरेदीखत सहसा कोणी हरवत नाही.